सापेलो बेटावरचा सदका

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत सापेलो नावाचे बेट आहे. खाड्या आणि गवताळ दलदल ओलांडून बोटीने तेथे जावे लागते. आम्ही गेलो ते तिथला जुना मळा पाहायला. १८०२ मध्ये थॉमस स्पाल्डिंगने बेटाचा दक्षिण भाग विकत घेतला आणि शेकडो आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर कापूस व ऊस पिकवला.

मालकाची हवेली आजही दिमाखात उभी आहे. यादवी युद्धानंतर ती मोडकळीस आली होती. १९२०च्या दशकात हॉवर्ड कॉफिन या मोटार-उद्योजकाने ती पुन्हा उभारली. आता ती सरकारी मालकीची आहे. ऊस गाळण्याच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीही काही उरल्या आहेत. कालवांचे शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि त्यात अख्खे शिंपले, अशा मिश्रणाच्या या भिंती. तिथे त्याला ‘टॅबी’ म्हणतात. कोकणातल्या जुन्या घरांचा शिंपल्यांचा चुना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे काम किती कष्टाचे ते सांगायला नको. हे कष्ट गुलामांचे होते.

त्या गुलामांचा मुकादम होता बिलाली मुहम्मद. मूळचा पश्चिम आफ्रिकेतील तिंबोचा, म्हणजे आजच्या गिनी देशातला. आधी बहामा बेटांवर आणि मग सापेलोवर आणलेला. त्याने स्वतःच्या हाताने अरबीत लिहिलेली १३ पाने जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. बरीच वर्षे लोक ती त्याची रोजनिशी समजत. पुढे नायजेरियातील कानो शहरातल्या आलिमांनी ती वाचली, तेव्हा कळले की हा मालिकी फिक्हचा मजकूर आहे. त्यात वुजू, अजान आणि नमाज यांचे मसले आहेत. लहानपणी मदरशात शिकलेले, गुलामीतही आठवून लिहिलेले!

१९३०च्या दशकात बिलालीची पणती केटी ब्राउन हिने आपल्या आजीची आठवण सांगितली. आजी डोक्यावर पांढरे कापड घेई. वर्षातून एकदा तांदूळ रात्रभर भिजवून उखळात कुटे, त्यात मध घालून चपट्या वड्या करी आणि मुलांना वाटे. त्या वड्यांना ती ‘सराका’ म्हणे. हा आपला सदकाच. अरबी येणारे कोणी उरले नव्हते, नातवंडे चर्चमध्ये जात होती. तरी खैरातीचा तो शब्द आजीच्या तोंडी राहिला.

गुलामांच्या वंशजांची आता हॉग हॅमक ही एकच वस्ती बेटावर उरली आहे. तिथे मोजकीच माणसे राहतात. २०२३ मध्ये काउंटीने तिथे पूर्वीपेक्षा मोठी घरे बांधायला परवानगी दिली. बाहेरच्या श्रीमंतांचे बंगले आले की जमिनीचे भाव आणि कर वाढतील आणि आपल्याला घर सोडावे लागेल, ही रहिवाशांची भीती आहे. हवेलीच्या दुरुस्तीला धनी मिळाले, या वस्तीला मात्र स्वतःच लढावे लागत आहे.

आपल्या घरातल्या बुजुर्गांना विचारा: सणाला कोणता पदार्थ का करतात, कोणती दुआ कोणी शिकवली, गावाचे जुने नाव काय? उत्तरे वहीत लिहून ठेवा, आणि लिहिताना मुलांना शेजारी बसवा.