सोन्याचा लाल रंग

"तुमच्या शहापुरात पाण्याला काय तोटा? धरणेच धरणे!" असे एक सुशिक्षित गृहस्थ मला कालिन्याच्या विद्यानगरीत सहज म्हणाले, आणि ते वाक्य अद्याप माझ्या मनात सलते आहे.

माझी भाची तेथेच मुंबई विद्यापीठाच्या नॅनोविज्ञान व नॅनोतंत्रज्ञान केंद्रात शिकते. आमच्या डोळखांबहून एस.टी., आसनगावहून लोकल असा प्रवास करून मी तिचे काम पाहावयास गेलो होतो. सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे द्रावण तिने चंबूत उकळत ठेवले. सायट्रेट पडताच पिवळेपणा विरला, द्रावण शाईसारखे काळसर-निळे झाले आणि पाहता पाहता माणकासारखे लाल झाले. कण मीटरच्या अब्जाव्या भागाच्या दहा-वीस पट, एवढे सूक्ष्म झाले की सोनेदेखील आपला पिवळा वर्ण टाकते! या लाल सोन्यावरील निबंध फॅरडेने 1857 साली, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच साली, लंडनला वाचला.

पुढे तिने सांगितले की, 2009 साली निघालेल्या 'टाटा स्वच्छ' या जलशोधकात भाताच्या तुसाची राख व चांदीचे नॅनोकण असतात. तूस आमच्या गिरणीमागे ढिगांनी पडते. परंतु त्या यंत्रात ओतावयास पाणी कोठून आणावे? तानसा 1892 चे, मोडकसागर 1957 चे, पुढे भातसा. ही सारी धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आणि त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना. वैशाखात आमच्या पाड्यावरच्या बायाबापड्या कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. टँकरसाठी मी एका कचेरीत रीतसर अर्ज गुदरला, तो 'विहिरीस पाणी आहे' अशा शेऱ्यानिशी परत आला. आधार पौष महिन्यातील पंचनाम्याचा! फेरपाहणीची मागणी केली, तर ज्या अंमलदाराकडे दप्तर होते तो बदलून गेलेला, आणि नव्या अंमलदाराची पाहणी मृगाच्या सरी कोसळल्यावर झाली. पंचनाम्याचा महिना पाहून निकाल देण्याचा दंडक सरकारने घालून दिलाच पाहिजे.

परतताना मी भाचीस बजावले की, सोन्याचे रंग पुरे, पाण्याचे काही कर. ती निमूटपणे ऐकत होती. आता वाटते, तसे म्हणावयास नको होते. विहीर भरणे हे कचेरीचे कर्तव्य आहे, आमच्या मुलींनी त्यासाठी आपली जिज्ञासा का गहाण टाकावी? तिने सोन्याचाच अभ्यास करावा, असे मी तिला कळविले आहे.