यादीत न आलेलं वऱ्हाड

घरच्या मीडिया सर्व्हरवर टाकलेली फिल्म टीव्हीवर दिसली नाही की माणूस आधी ती पुन्हा कॉपी करतो. तरी दिसली नाही तर फाईलचं नाव बदलतो, मग फोल्डर हलवतो, शेवटी सर्व्हरच काढून नव्यानं टाकतो. मला फोन येईपर्यंत एकाच लग्नाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या नावांनी डिस्कवर पडलेल्या असतात आणि त्यातली मूळ कुठली, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून फोनवरचं माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: दादा, आता कशालाच हात लावू नका, मी येतो.

चाळीसगावात घरोघरी असे सर्व्हर बसवायचं माझं काम हळूहळू वाढत गेलं. मुलं शिकायला, नोकरीला पुण्या-नाशिकला गेली, त्यांचे जुने कॉम्प्युटर घरी राहिले. त्यात एक मोठी डिस्क बसवून लिनक्स आणि जेलीफिन हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं की घरातल्या टीव्हीवर, फोनवर सगळं बघता येतं, इंटरनेट बंद असलं तरी. जेलीफिनला पैसे पडत नाहीत. एंबी नावाच्या सर्व्हरच्या कर्त्यांनी आपला कोड बंद केला तेव्हा, २०१८ च्या डिसेंबरात, त्याच्या मोकळ्या कोडवरून काही जणांनी ते वेगळं काढलं. मी पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचो, त्यामुळे लोकांच्या कपाटात काय काय पडलंय याचा मला अंदाज असतो. व्हीएचएसच्या कॅसेटी, व्हीसीडी, डीव्हीडी, मेमरी कार्डं, आणि आता फोनमधलं सगळं.

आमच्या स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं कलादालन आहे. मूस १९८९ साली गेले, पण त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं आजही समोर उभं राहिलं की दिसतात. कागदावरचा फोटो आणि आपले डोळे यांच्यामध्ये कोणी नसतं. व्हिडिओची फाईल तशी कधीच दिसत नाही. ती डिस्कवर असणं ही एक गोष्ट आणि सर्व्हरच्या यादीत येणं ही दुसरी. मधे कोणीतरी वाचणारा असतो, आणि त्यानं जे वाचलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. तेव्हा फाईल कुठे गेली यापेक्षा, सर्व्हरला तिथून काय दिसतंय, हे मी आधी विचारतो. आमच्याकडच्या घरांत फाईल खरोखर नाहीशी झाल्याचं क्वचितच निघतं.

सगळ्यात जास्त वेळा अडतं ते परवानगीपाशी. यूएसबी डिस्क लावली, स्क्रीनवर तिचं चिन्ह आलं, फाईल उघडून बघितली, व्यवस्थित चालली. मग सर्व्हरला का दिसू नये? कारण डिस्क उघडली तुम्ही, तुमच्या नावानं. जेलीफिन लिनक्सवर स्वतःच्या वेगळ्या नावानं चालतं, आणि डेस्कटॉपवर आपोआप जोडलेली डिस्क बऱ्याचदा फक्त लॉगिन केलेल्या माणसालाच मोकळी असते. शेवटच्या फोल्डरची परवानगी देऊन भागत नाही. वरपासून खालपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची मुभा लागते, मधला एक जरी बंद असला तरी पुढचं सगळं जेलीफिनसाठी नाहीच. मी टर्मिनलमध्ये जेलीफिनच्या नावानं तो फोल्डर उघडायला सांगतो. एका ओळीचं काम आहे. नकार आला तर पुढचं काहीच तपासायची गरज उरत नाही.

आमच्याकडे याला लाईट जाण्याची जोड आहे. लाईट गेली, आली, कॉम्प्युटर आपोआप चालू झाला, जेलीफिनही उठलं, पण डेस्कटॉपवर कोणी लॉगिनच केलं नाही, म्हणून डिस्क जोडलीच गेली नाही. सर्व्हर रिकाम्या जागेकडे बघत बसतो. यावरचा उपाय म्हणजे डिस्क तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकानं, मशीन सुरू होतानाच, ठरलेल्या ठिकाणी जोडून घेणं. मशीननं तिला क्रमानं दिलेल्या नावावर विसंबायचं नाही, कारण दुसरी डिस्क लावली की तो क्रम बदलू शकतो.

डिस्क दुसऱ्या मशीनवर असून नेटवर्कवरून जोडलेली असेल, तर नवी फाईल आल्याची वर्दी सर्व्हरला बहुधा मिळत नाही. तो आपल्या वेळेला यादी तपासतो, मुळात ठरलेली वेळ बारा तासांची. सकाळी टाकलेली फिल्म दुपारी दिसत नाही म्हणून बिघाड समजू नये. हातानं स्कॅन करावं.

व्हीसीडीचा मामला मात्र वेगळा, आणि खान्देशात तो मोठा आहे. मालेगावात २००० साली नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे तिथल्या विनोदी फिल्म व्हीसीडीवरून गावोगाव गेल्या. अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी बाजाराच्या दिवशी विकल्या जायच्या आणि लग्नाचं शूटिंगही त्यावरच मिळायचं. व्हीसीडीत चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका तबकडीत सव्वा तासाच्या आतबाहेर. पण अडचण चित्राच्या आकाराची नाही. आत व्हिडिओची फाईल असते ती ‘एव्हीसेक-०१’ नावाची, शेवटी ‘डॅट’. प्रत्येक तबकडीत हेच नाव. एका फोल्डरमध्ये ओतलं की एक लग्न दुसऱ्या लग्नावर बसतं आणि आधीचं पुसलं जातं. वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलं तरी जेलीफिन ‘डॅट’ला व्हिडिओ मानतच नाही. त्याच्या ओळखीच्या शेपट्यांत ती नाही. आतला मजकूर साधा एमपेग-१ असतो. एफएफएमपेग या साधनानं नुसतं वेष्टन बदलून तो ‘एमपीजी’ करता येतो, चित्र पुन्हा दाबायचं काही कारण नाही. काही जण ते एमपी-४ मध्ये नव्यानं करून देतात. आधीच पुसट असलेले चेहरे त्यात आणखी पुसट होतात, आणि मला ते बघवत नाही.

जेलीफिन सिनेमाची नावं इंटरनेटवरच्या मोठ्या याद्यांशी जुळवून पोस्टर आणतं. नाव आणि वर्ष नीट दिलं तर हे फार छान चालतं. ‘श्यामची आई’ नुसतं लिहिलं तर आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा, यात गल्लत होऊ शकते. मग आजोबा म्हणतात, जुना कुठे दिसत नही भाऊ. तो असतो, नव्याच्या पोस्टरखाली. नावापुढे कंसात वर्ष लिहिलं की दोघं आपापल्या जागी येतात.

पण आपल्या घरात जे असतं त्यातलं किती अशा याद्यांत आहे? कानबाईच्या रोटांचं शूटिंग, पाटणादेवीची सहल, शाळेचं स्नेहसंमेलन, काकांच्या सेवानिवृत्तीचा कार्यक्रम. यांतलं एकही नाही. तरीही लोक सगळं ‘मूव्हीज’च्या लायब्ररीत टाकतात, आणि सर्व्हर इमानानं जगातल्या सिनेमांत त्यांचा शोध घेतो. ‘शुभमंगल सावधान’ असं नाव दिलेलं लग्न २०१७ च्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरखाली जाऊन बसतं. ‘हळद पार्ट १’ आणि ‘हळद पार्ट २’ अशी नावं इंग्रजीत दिली तर एकाच सिनेमाच्या दोन तबकड्या समजून त्यांची एकच नोंद होते. एडिटिंगवाला उरलेलं शूटिंग इंग्रजीत ‘क्लिप्स’ किंवा ‘एक्स्ट्राज’ नाव देऊन लग्नाच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. जेलीफिनच्या लेखी हे शब्द जादा मालाचे, म्हणून ते सगळं मुख्य यादीतून निघून त्या लग्नाच्या पानावर तळाशी लागतं. एका घरात मांडवातल्या बायकांची गाणी अशी तळाशी होती, आणि त्या घरासाठी तीच सगळ्यात मोलाची होती. घरच्या शूटिंगसाठी ‘होम व्हिडिओ’ प्रकारची वेगळी लायब्ररी करावी. तिथे सर्व्हर तर्क लढवत नाही, फोल्डर जसे असतील तसे दाखवतो. हा एक बदल केला की बऱ्याच तक्रारी संपतात, असं मी अनुभवानं सांगतो.

आता नावांचं. मी लोकांना मराठीतच नावं द्यायला सांगतो, आपल्या घरातल्या माणसांची नावं इंग्रजी स्पेलिंगात का कोंबायची? पण त्यातल्या दोन अडचणी जाणून असाव्यात. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ मांडणीत फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं ही प्रत्येक वेगळी खूण. म्हणजे सगळं नाव देवनागरीत असेल तर ८५ खुणांत आटपायचं. चिरंजीव, चि.सौ.कां., दोन्हीकडची गावं, मंगल कार्यालय आणि तिथी एवढं लिहिलं की ती हद्द केव्हाच ओलांडली जाते. विंडोजवर तेच नाव बसतं, कारण तिथे खुणा मोजतात. तिथून लिनक्सवर आणताना तेवढी एक फाईल मागे राहते आणि शेकडो फाईलींच्या कॉपीत ती एररची ओळ कोणी वाचत नाही.

दुसरी अडचण ‘वऱ्हाड’ची. यातला ऱ एकाच खुणेत लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांत. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या मॅकच्या डिस्कवर नाव ठेवताना त्याची फोड होऊन दोन खुणा होत, आपला कीबोर्ड बहुधा एकच लिहितो. लिनक्सला हे दोन वेगळे शब्द. एका डिस्कवर मला शेजारी शेजारी दोन ‘वऱ्हाड’ सापडले. लायब्ररीला दाखवलेला होता तो रिकामा, आणि निघालेलं, पोचलेलं, जेवलेलं सगळं वऱ्हाड दुसऱ्यात.

फाईल मोठी दिसते पण यादीत तिची लांबी शून्य, असं असेल तर ती बहुधा अर्धवट आहे. एमपी-४ चा नकाशा बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंगच्या शेवटी लिहितात. मधेच बॅटरी संपली तर चित्र असतं, नकाशा नसतो. मूळ कार्ड मागावं, आणि त्यावर नवीन काही भरू देऊ नये.

सगळं जागेवर आलं की मी घरातल्या वडीलधाऱ्यांना टीव्हीसमोर बसवतो, कारण कुठला फोल्डर कोणाचा हे मला कसं कळणार? मुलांनाही कळत नाही. आजी पडद्याकडे बघून म्हणतात, ‘हाऊ तं आमना आप्पा शे,’ आणि मग कुठलं लग्न, कुठल्या साली, आप्पांच्या मागे उभी असलेली कोण, हे सगळं बाहेर येतं. मी ते तिथल्या तिथे फोल्डरच्या नावात टाकतो, वर्ष आधी, मग प्रसंग, मग गाव. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप काळाच्या क्रमानं लागते. कोणाचं नाव आठवलं नाही तर तेवढी जागा सोडतो, अंदाजानं भरत नाही.

निघण्यापूर्वी एक चाचणी असतेच. सर्व्हर रीतसर बंद करतो, घराचा मेन स्विच पाडतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा चढवतो. कीबोर्डला कोणी हात लावायचा नाही, लॉगिन करायचं नाही. टीव्हीवर यादी आपोआप आली, त्यातलं एक जुनं आणि एक आज टाकलेलं लागून चाललं, तरच मी पैसे घेतो.