नंबर कुणाचा?

मी आज उमेदच्या बचत गटातून बँक सखीचं काम करते. गावातल्या बाया निराधारचे, लाडकी बहीणचे पैसे काढायला माझ्याकडे येतात आणि मान देतात. त्या मानावर पहिला हक्क आमच्या अंगणवाडीच्या ताईंचा आहे.

कन्नड तालुक्यातल्या या गावात मी सून म्हणून आले तेव्हा घरात एकच मोबाईल होता, मालकांच्या खिशात. माझ्या आधारला त्यांचाच नंबर, बँकेच्या खात्यालाही तोच. त्यात काही कमी आहे हे मला कळत नव्हतं.

ताईसुद्धा मोबाईल शिकून आलेल्या नव्हत्या. २०२१ साली अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर आला. ॲप इंग्रजीत, आणि कामाला दिलेले फोन सारखे अडायचे. त्या वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन परत केले. त्यात आमच्या ताईही होत्या. पण शिकणं त्यांनी सोडलं नाही. मुलाच्या फोनवर बसायच्या, इंग्रजी शब्द वहीत उतरवून पुढे मराठी लिहायच्या. संध्याकाळी मला शेजारी बसवून फोन माझ्या हातात द्यायच्या. मी अडले तरी स्वतः बटण दाबायच्या नाहीत. "तूच दाब. बिघडत नाही काही," एवढंच म्हणायच्या. पुढे मला माझं सिम घ्यायला लावलं आणि आधारला तो नंबर जोडायला कन्नडपर्यंत सोबत आल्या.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून ताई रात्री जागून अर्ज भरायच्या. एका अर्जामागे सेविकेला ५० रुपये जाहीर झाले होते, पण तेवढ्यासाठी कुणी इतकं जागत नाही. मी मदतीला बसायचे. ताई प्रत्येकीला आधी विचारायच्या, "बाई, नंबर कुणाचा?" बहुतेकींचा नवऱ्याचा नाहीतर पोराचा निघायचा. महिन्याचे १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येणार होते आणि ते खातं कोणत्या बँकेत आहे हेही कित्येकींना ठाऊक नव्हतं. त्या रात्रींत मी माझं आजचं काम शिकले.

आता पैसे काढायला आलेल्या बाईचा अंगठा मशीनवर लागत नाही तेव्हा मी घाई करत नाही. कापूस वेचून, अद्रक काढून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. हात धुवायला लावते, दुसरं बोट ठेवून बघते. हा धीर ताईंचा.

२०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. दोघंही हयात नसलेल्या बायांचे फार हाल झाले. पोरगा पुण्याला कामाला आणि नंबर त्याच्यापाशी, अशा आयाही माझ्याकडे आल्या. तेव्हा ताईंच्या त्या प्रश्नात किती दूरचा विचार होता ते मला पुरतं समजलं.

तुमच्या आईच्या, सासूच्या आधारला कुणाचा नंबर आहे, एकदा विचारा. तिचा नसेल तर तिला सोबत घेऊन आधार केंद्रावर जा आणि तिचा स्वतःचा जोडून द्या.