नाळ कुठे पुरली?

राजवाड्यातील वस्तू म्हटल्या की मुकुट, सिंहासन डोळ्यांपुढे येतात. सोलमधील ग्योंगबोकगुंग राजवाड्याला लागून असलेल्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आम्ही दोघे पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो, तेव्हा आमचीही तीच अपेक्षा होती. १३९२ ते १९१० पर्यंत राज्य केलेल्या जोसोन घराण्याच्या वस्तू तिथे आहेत. कासवाच्या मुठीचे राजशिक्के पाहिले. सिंहासनामागचा सूर्य, चंद्र आणि पाच पर्वतांचा पडदाही पाहिला. लेक मात्र एका साध्या पांढऱ्या बरणीपाशी थांबली.

"यात लोणचं होतं का?"

लोणचे नव्हते. राजघराण्यात मूल जन्मले की त्याची वार नाळेसह स्वच्छ धुऊन एका बरणीत ठेवत, ती बरणी दुसऱ्या मोठ्या बरणीत. मग चांगली टेकडी शोधून, जन्मतारीख कोरलेल्या दगडी पाटीसह ती पुरत. बाळाचे आणि राज्याचे नशीब त्या जागेशी बांधलेले आहे, अशी त्यांची समजूत होती. सोंगजूजवळच्या एका टेकडीवर सेजोंग राजाच्या मुलांसाठी १४३८ ते १४४२ या काळात बांधलेल्या अशा जागा आजही आहेत.

"मग माझी नाळ कुठे आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिच्या अब्बांची नाळ रत्नागिरीच्या घरामागे माडाखाली पुरलेली आहे. दादी हे फोनवर हमखास सांगते. लेक मात्र इथे सोलमध्ये, दवाखान्यात जन्मली. तिथे नाळ कुणी हातात देत नाही. परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलीला आपले गाव कोणते म्हणून सांगायचे, हा प्रश्न आमच्या मनात होताच. तो आज तिनेच विचारला.

आम्ही तिला अकीक्याची गोष्ट सांगितली. सातव्या दिवशी तिचे जावळ काढले, तोलले आणि तेवढ्या वजनाच्या चांदीची किंमत दादीच्या हातून गावात सदका म्हणून दिली.

"ते पैसे कुठे आहेत?"

"कुणाच्या तरी चुलीवर त्यांचा भात शिजला असेल."

ती खूश झाली. तो भात कुणी खाल्ला, हे तिला दादीला विचारायचे होते.

त्या बरण्यांचे पुढे काय झाले, हे तिला आम्ही सांगितले नाही. जपानी अंमलात देशभरातल्या टेकड्या उकरून त्यातल्या कितीतरी बरण्या सोलजवळ राजघराण्याच्या दफनभूमीत एकत्र आणल्या गेल्या. राजांनी इतकी जपलेली जागाही टिकली नाही.

आज आपली कितीतरी मुले दुबईत, कुवेतमध्ये, आणखी कुठे कुठे जन्मतात. त्यांना नाळेची जागा दाखवता येणार नाही. पण त्यांच्या नावाने कुणाच्या तरी घरी चूल पेटली, हे सांगता येते. आणि दादीला फोन लावून तिच्याच बोलीत बोलायला शिकवता येते.