पत्ता कशाला हवा?

माझी भाची विशेष विवाह कायद्याखाली लग्न करतेय, मुलगा हिंदू. १९५४च्या या कायद्यानुसार नोटिशीत नाव, वय, व्यवसाय आणि राहण्याचा पत्ता लिहावा लागतो. नोटीस कार्यालयात लागते, नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. हरकतीला तीस दिवस. मुद्दे मोजकेच: आधीचा जोडीदार हयात असणे, कमी वय, मानसिक अक्षमता, निषिद्ध नाते. यातल्या कशासाठी घराचा नंबर लागतो? तो लागतो दारावर येणाऱ्या जमावाला. २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. आमच्याकडे कागद भिंतीवरच आहे. आपा रोज दिवस मोजते. निकाहातही ऐलान असतो, साक्षीदार असतात. पण तिथे लोक येतात ते दुआ द्यायला.