भाड्याच्या खोलीतील पियानो

शिकागो हे नाव जैन वाचकांना १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे परिचित आहे. वीरचंद राघवजी गांधी यांनी ज्या वास्तूत पाश्चात्त्य श्रोत्यांना जैन दर्शनाची ओळख करून दिली, तेथे आज ‘आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो’ हे प्रसिद्ध कलासंग्रहालय आहे. बहुतेक पर्यटक ते पाहून मिशिगन सरोवराच्या काठावरून माघारी वळतात. परंतु तेथून उन्नत रेल्वेने काही मैल दक्षिणेस गेल्यास कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती लागते. तेथे राजवाडे नाहीत, भव्य स्मारकेही फारशी नाहीत. तथापि पियानोवादनाची एक जोमदार शैली याच वस्तीत वाढली. तिचे नाव बुगी-वुगी.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाची शेते आणि तेथील जाच मागे टाकून हजारो कुटुंबे रेल्वेने या शहरात आली. १९१० साली येथे सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९३० मध्ये ही संख्या २ लाख ३३ हजारांवर गेली. शहराच्या इतर भागांत त्यांना घरे मिळत नसत. त्यामुळे वस्तीत दाटी वाढली आणि भाडेही वाढले. महिनाअखेरीस भाडेकरू आपल्याच खोलीत मेजवानी ठेवीत, पाहुण्यांकडून प्रवेशाचे काही पैसे घेत आणि त्यातून घरमालकाचे देणे भागवीत. अशा मेजवानीचा प्राण म्हणजे कोपऱ्यातला पियानो. वाद्यवृंद परवडणारा नव्हता. म्हणून एकाच वादकाला सारा वृंद व्हावे लागे.

या गरजेतूनच शैलीला आकार आला. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात पेटीवर लेहरा अखंड फिरत राहतो. बुगी-वुगीत हे काम वादकाचा डावा हात करतो. तो एकच स्वराकृती न थकता पुनःपुन्हा वाजवतो, आणि त्या आधारावर उजवा हात मुक्तपणे विहार करतो. बारा मात्राखंडांचे ब्लूजचे आवर्तन पूर्ण झाले, की पुन्हा आरंभ. ऐकताना धावत्या आगगाडीचा भास होतो.

प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत अल्बर्ट अ‍ॅमन्स, मीड लक्स लुईस आणि पाइनटॉप स्मिथ हे तिघे वादक एकाच काळात राहत होते. अ‍ॅमन्स आणि लुईस टॅक्सी चालवीत. फुरसतीत पियानोपाशी बसत. स्मिथची १९२८ मधील ध्वनिमुद्रिका गाजली. परंतु पुढच्याच वर्षी एका नृत्यगृहातील भांडणात सुटलेली गोळी लागून त्याचा अंत झाला. लुईसने १९२७ साली आगगाडीच्या लयीवरील आपली रचना ध्वनिमुद्रित केली होती. तिच्यावर त्याचे पोट भरले नाही. संगीताचे जाणकार जॉन हॅमंड यांनी ती ऐकून १९३५ मध्ये त्याला शोधून काढले, तेव्हा तो शिकागोत मोटारी धुण्याचे काम करीत होता.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हॅमंड यांनी कृष्णवर्णीय संगीताची मैफल भरविली. तेथे अ‍ॅमन्स, लुईस आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन हे तिघे अभिजात संगीताच्या त्या मंचावर बसले. लगोलग न्यूयॉर्कमध्येच ‘कॅफे सोसायटी’ या नव्या संगीतगृहात हे त्रिकूट वाजवू लागले. गोरे आणि कृष्णवर्णीय श्रोते तेथे शेजारी बसत, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ६ जानेवारी १९३९ रोजी अ‍ॅमन्स आणि लुईस यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यातूनच ‘ब्लू नोट’ या पुढे नामांकित झालेल्या कंपनीचा प्रारंभ झाला.

ही लाट काही वर्षे टिकली आणि ओसरली. १९४९ च्या जानेवारीत अ‍ॅमन्सने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या शपथविधीच्या समारंभात वादन केले; त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला. जॉन्सनला बफेलो शहरात उपजीविकेसाठी पुन्हा अंगमेहनतीची कामे धरावी लागली. लुईस १९६४ मध्ये मोटार अपघातात गेला.

या साऱ्यांहून वयाने मोठा असलेल्या जिमी यान्सी याची वाट मात्र निराळी होती. अ‍ॅमन्स आणि लुईस यांनी त्याच्या वादनातून पुष्कळ घेतले. यान्सीने मात्र शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानाची निगा राखण्याची नोकरी सुमारे २५ वर्षे केली. दिवसा हिरवळ, रात्री पियानो. शिष्यांची कीर्ती पसरल्यावर त्याचीही ध्वनिमुद्रणे झाली, पण त्याने नोकरी सोडली नाही. त्याचे वादन संथ, मितभाषी आहे. एकही स्वर अनावश्यक वाटत नाही.

कोमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडण्यात आले. भाड्यासाठी मेजवान्या करणारे भाडेकरूही काळाआड गेले. उन्नत रेल्वे मात्र प्रेअरी अ‍ॅव्हेन्यूच्या अगदी जवळून अजूनही खडखडत जाते. त्या मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाने क्षणभर कान द्यावा. कीर्ती उजव्या हातासारखी असते. ती झळकते आणि थांबते. डावा हात दिवसभराच्या श्रमासारखा मुकाट चालत राहतो, आणि सारे संगीत त्याच्यावरच उभे असते. भाडे भरण्यासाठी वाजवलेल्या त्या स्वरांनी माणसांच्या डोक्यावरचे छप्परही राखले आणि त्यांचा आत्मसन्मानही. संगीताला याहून मोठे यश कोणते असावे?