त्या आळसाला मी रसिकता म्हणत होते

शेक्सपिअरच्या नाटकांविषयी माझं एक ठाम मत होतं आणि मी ते अभिमानाने सांगत असे. नाटक कळायला गोष्ट आणि भावना पुरेत. चारशे वर्षांपूर्वीचे शब्द, वृत्ताचे आघात, अलंकारांची नावं हा सगळा परीक्षेचा मामला. मी आजच्या इंग्रजीतली सोपी रूपांतरं वाचायचे आणि मूळ संहितेशी झटणाऱ्यांना मनातल्या मनात पंडित म्हणून बाजूला सारायचे.

हे मत आलं कुठून? थोडं शाळेतून. भुजंगप्रयाताचे चार ‘य’ गण पाडून गुण मिळवले, पण त्या चालीने कवितेत काय साधलं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं कारण मात्र भीती होती. मी मराठी माध्यमातली. ते जुनं इंग्रजी समोर आलं की आपलं अज्ञान उघडं पडेल असं वाटे. कष्ट टाळायचे होते आणि त्या आळसाला मी रसिकता म्हणत होते.

भाचीला ‘मॅकबेथ’ अभ्यासाला होतं. “वृत्तबित्त सोड, प्रसंग समजून घे,” असं मी तिला सांगितलं. राजा डंकनच्या खुनानंतरच्या प्रवेशात ती अडली. “मावशी, ही एकच ओळ चार तुकड्यांत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी का छापलीय?” मला उत्तर येईना. आम्ही टिपणं उघडली. या पद्याची ओळ साधारण दहा अक्षरांची, पाच आघातांची. इथे मॅकबेथ आणि त्याची बायको मिळून ती एक ओळ बोलतात: तिचा प्रश्न, त्याचा प्रश्न, तिचा एक शब्द, पुन्हा त्याचा प्रश्न.

आम्ही दोघी ते मोठ्याने वाचू लागलो. आधी प्रत्येक तुकड्यानंतर थांबून. दोन माणसं एकमेकांना काहीतरी विचारताहेत, एवढंच कळलं. मग ओळ अखंड ठेवायची म्हणून न थांबता, एकीचं संपताक्षणी दुसरीने बोलायचं. दोन-तीनदा तसं वाचल्यावर आमचे आवाज आपोआप खाली आले, श्वास तोकडा झाला. त्या ओळीत एकही कठीण शब्द नाही, भीतीचं वर्णन नाही. सोप्या रूपांतरातही तिचा अर्थ येतो. पण घाबरलेल्या दोघांचा श्वास ओळीच्या घडणीत होता आणि आजवर मी नेमका तोच वगळून वाचत आले होते. शेक्सपिअरने रंगसूचना फार थोड्या लिहिल्या. नटाने कुठे थांबावं, कुठे घाई करावी, हे पुष्कळदा त्याचं पद्यच सांगतं. मी ज्याला सजावट समजत होते, ते दिग्दर्शन होतं.

मग मी ‘हॅम्लेट’ मूळ संहितेतून वाचायला घेतलं. आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेलं तेच नाटक. आईच्या महालातल्या प्रवेशात गर्ट्रूड मुलाला आधी ‘दाऊ’ म्हणते, म्हणजे तू. तो ‘यू’ म्हणून उलट उत्तर देतो. मुलाने आईला ‘यू’ म्हणणं त्या काळच्या रीतीला धरूनच. पण त्याचं उत्तर ऐकताच तीही ‘यू’वर येते. आईचं ‘तू’ गळून पडतं. आजच्या इंग्रजीत ‘तू’ उरलेलाच नाही, त्यामुळे माझ्या सोप्या पुस्तकांत हा तडा दिसणं शक्य नव्हतं. तू आणि तुम्हीमधलं अंतर मी घरातच शिकले होते. जे ऐकायला माझे कान तयार होते, तेच मी भीतीपोटी नाकारलं.

परके शब्द तरी कोशाकडे धाडतात. ओळखीचे शब्द फसवतात. ‘प्रेझेंटली’ म्हणजे तेव्हा ताबडतोब, ‘स्टिल’ म्हणजे पुष्कळदा नेहमी, ‘फॉन्ड’ म्हणजे बऱ्याचदा मूर्ख. ज्युलिएटचा ‘व्हेअरफोर’ म्हणजे का. ती रोमिओला शोधत नाही, तो रोमिओ का आहे असं विचारते. मी कितीतरी वर्षं तिला बाल्कनीतून प्रियकर शोधायला लावलं होतं.

नुसती नावं पाठ करणं मला अजूनही अपुरंच वाटतं. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझरच्या मृत्यूनंतर ब्रूटस लोकांपुढे गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, हे लिहून गुण मिळतात. गर्दी अँटनीच्या मागे का गेली, हा प्रश्न त्यापुढचा. पण गद्य कुठे संपलं आणि पद्य कुठे सुरू झालं हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला तो प्रश्न पडतच नाही. भाचीला दिलेला सल्ला मी मागे घेतला आहे.